आमचा मागशीर, त्यांचा अगहन

अंबाजोगाईच्या मंडईतल्या सीताफळांच्या पाट्या कमी व्हायला लागल्या आणि त्यांच्या जागी तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग दिसायला लागले, की माझा पाय घरात ठरत नाही. पिशवी घेऊन निघते ती कोथिंबीर आणायला आणि येते ती शेंगा, वालाच्या पापड्या, हरभऱ्याची खुडलेली भाजी आणि पावशेर बोरं घेऊन. बोरं अजून तुरट असतात, हे मला माहीत असतं. तरी घेते, रस्त्यातच एक तोंडात टाकते आणि तोंड वाकडं करते. मार्गशीर्ष आला, एवढं त्या तुरट बोरानं सांगितलं की मला पुरतं.

यंदा तर विचारूच नका. परवा पौर्णिमा. माझी लेक प्रज्ञा कानपूरहून यायची आहे, जावई अनुराग यायचा आहे, वर्षभराचा नातू यायचा आहे आणि पहिल्यांदाच आमच्या विहीणबाई यायच्या आहेत. यायच्या आहेत असं लिहिते आहे खरी, पण पक्कं अजून कुणी सांगितलेलं नाही. फोन केला की प्रज्ञा म्हणते, बघू आई, मम्मीजींचं काय ठरतंय. मीही शहाण्यासारखी 'हो, हो, बघा' म्हणते, फोन ठेवते आणि खीर गव्हाची करावी की तांदळाची, याचा विचार करत बसते. सर म्हणतात, तुझी नाडी बघ एकदा. सर म्हणजे माझे यजमान. सगळी हयात त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, सगळा गाव त्यांना सर म्हणतो, मग मीच वेगळं काय म्हणणार? मी दवाखान्यात नर्स होते, म्हणून ते मला सिस्टर म्हणतात. आम्ही नवराबायको एकमेकांना हुद्द्यानंच हाक मारतो आणि त्यात आम्हाला काही विनोदी वाटत नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक आपलं नेहमीचं मराठी. दुसरं हिंदी, विहीणबाईंनी कानपूरहून पाठवलेलं. येणारा-जाणारा विचारतो, दोन कशाला? मी म्हणते, एकात आमचा महिना आहे, एकात लेकीचा. लोक हसतात. त्यांना वाटतं, सिस्टर आता रिकाम्या आहेत, म्हणून काहीतरी बोलतात. पण मी खरंच सांगत असते. ही दोन कॅलेंडरं महिन्याचा अर्धा भाग गुण्यागोविंदानं नांदतात आणि उरलेला अर्धा भाग एकमेकांशी भांडतात. त्या भांडणानं एकदा आमची येळवस, म्हणजे रानातला आमचा सण, बुडवली होती. त्या सालाची आठवण आली की अजून मला हसू येतं, आणि थोडं वाईटही वाटतं.

महिन्यांशी माझा संबंध तसा जुना. बाळंतपणाच्या वॉर्डात बाया तारीख सांगत नसत, महिना सांगत. 'आखाड तळला तवा', 'पोळ्याच्या मागं', 'भादव्यात म्हाळ झाल्यावर'. मी त्यांच्या उशाशी उभी राहून मनातल्या मनात आखाडाचा जुलै करायची, शिमग्याचा मार्च करायची आणि कागदावर इंग्रजी तारीख लिहायची. पण लिहून झालं की वाटायचं, काहीतरी गळलं. जुलै म्हटलं की काय दिसतं? काही नाही. आखाड म्हटलं की कढईतलं तेल, बाहेरची झड आणि दारातला चिखल, सगळं एकदम समोर येतं. आमच्याकडे बारा महिन्यांना बोलण्यातली वेगळी नावं आहेत. चैत, आखाड, भादवा, पूस, शिमगा. कॅलेंडरातली नावं बाहेर घालायच्या कपड्यांसारखी आणि ही घरात घालायची. मार्गशीर्षाला आमच्यात मागशीर म्हणतात. विहारातले भन्तेजी एकदा म्हणाले की पालीत त्याला मागसिर म्हणतात. म्हणजे माझ्या सासूबाई जन्मभर जे बोलत होत्या आणि आम्ही अडाणी समजत होतो, ते चांगलं अडीच हजार वर्षांचं निघालं. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी जो भेटेल त्याला ते सांगत सुटले.

या नावाचं कूळ सरांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. लोक नव्या बायकोला सिनेमाला नेतात, यांनी गच्चीवर नेलं. म्हणाले, पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रापाशी असतो, त्याचं नाव त्या महिन्याला. चित्रेपाशी असला की चैत्र, कृत्तिकेपाशी असला की कार्तिक, पुष्यापाशी असला की पौष. आणि मृगशीर्षापाशी आला की मार्गशीर्ष. मृगशीर्ष म्हणजे हरणाचं डोकं. मी वर पाहिलं, मला हरीण काही दिसलं नाही, तिकांडं तेवढं दिसलं. तीन चांदण्या एका रेषेत. ते तर मला लहानपणापासून ठाऊक होतं, आमच्या गावात त्याच्यावर वेळ सांगायचे. सर म्हणाले, ते तिकांडं म्हणजे हरणाला लागलेला बाण. मला वाईट वाटलं. इतक्या सुंदर महिन्याच्या नावात बाण लागलेलं हरीण असावं, हे काही मला पटलं नाही, आणि अजूनही फारसं पटलेलं नाही.

पण पुढचं जे सांगितलं ते मात्र कायमचं मनात बसलं. मृग म्हणजे आपला मिरग. जूनमध्ये सूर्य त्याच चांदण्यांत असतो, म्हणून मिरग निघाला म्हणतात आणि लोक तुरी पेरतात. मग सहा महिन्यांनी, त्याच जागी, पौर्णिमेचा चंद्र येऊन उभा राहतो. सूर्य पेरून गेला आणि चंद्र बघायला आला, उगवलं का नीट. तोवर मिरगात पेरलेल्या तुरीला शेंगा भरलेल्या असतात. इतकं सरळ आहे हे. तेव्हापासून मंडईत तुरीची पहिली शेंग सोलताना मला मिरगाचा वास येतो. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, विज्ञानात असं काही नसतं. नसू दे.

त्याच मागशीराला उत्तरेत अगहन म्हणतात. हे मला प्रज्ञाच्या लग्नानंतर कळलं. अग्रहायण, त्याचं अगहन. हायन म्हणजे वर्ष, अग्र म्हणजे पुढचं टोक. कधीकाळी वर्षच या महिन्यापासून सुरू व्हायचं म्हणे. मला हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटलं नाही. थंडी अंगाला झोंबत नाही, नुसती गुदगुल्या करते. विहिरीला पाणी असतं. जोंधळा वर येत असतो, हरभरा पसरत असतो, गाजरं गोड व्हायला लागलेली असतात. अशा दिवसांत वर्ष सुरू करायचं नाही तर काय रणरणत्या चैतात?

आणि आमच्या मागशीराचं सगळ्यात मोठं लेणं म्हणजे येळवस. वेळ अमावस्या. ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडं सांगते. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्या भागात गावंच्या गावं रिकामी होतात. सगळे रानात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोपी करतात, तिला कोप म्हणतात. कोपीत पाच खडे पांडव म्हणून मांडतात, रानाची पूजा करतात आणि मग जेवण. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत बरं का. शिवारात जेवढं म्हणून हिरवं पिकलेलं असेल ते, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, हरभरा, शेंगा, मेथी, असेल तर बोरंसुद्धा, सगळं ताकात आणि डाळीच्या पिठात शिजवतात. त्या दिवशी वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही हाताला धरून जेवायला बसवतात.

आमचं रान युसूफ वडगावच्या शिवारात, फार मोठं नाही, पण विहीर आहे. म्हणजे अर्धी आहे. अर्धी सरूआक्काची. सरूआक्काचं रान आमच्या बांधाला बांध लावून. उन्हानं रापलेली, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी, तोंडानं फटकळ बाई. कोप तिच्या रानात, भज्जी माझ्या हातची, आंबील तिच्या मडक्यातली, अशी आमची कित्येक वर्षांची वाटणी. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी येळवसीला त्यांच्या आईला बांधाच्या खाली बसावं लागायचं आणि आंबील वरून ओंजळीत ओतायचे. छप्पन्न सालानंतर आमच्या लोकांनी पांडव पुजणं सोडलं, बांधाखाली बसणंही सोडलं. भज्जी मात्र सोडली नाही. सरूआक्का पूजा करते तेव्हा आम्ही विहिरीपाशी पात्रं मांडतो, आणि तिचा नारळ फुटला की सगळे एकाच पंगतीला. यावर आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही, तसं करायची गरजही पडली नाही.

तर ते साल. प्रज्ञाच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. ती नोकरी करते, सासर कानपूरचं, तिथंच राहते. पहिल्या वर्षी तिला येळवसीला येता आलं नव्हतं, आणि तेव्हापासून तिनं अनुरागच्या डोक्यात येळवस इतकी भरली होती की तो फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी भज्जीचं विचारायचा. कार्तिक सरत आला होता. एक दिवस सकाळी मी अंगणात धुणं वाळत घालत होते तोच रिक्षा थांबली आणि ही दोघं उतरली. कळवलं नाही, सवरलं नाही. मला इतका आनंद झाला की हातातलं ओलं लुगडं खांद्यावर टाकून मी तशीच पोरीला मिठी मारली. ती म्हणाली, आंबील लावलीस का? मी म्हटलं, कसली आंबील? तिला वाटलं, मी चेष्टा करते आहे. अनुराग पिशवी उघडून मोठ्या कौतुकानं दाखवत होता. त्यानं मातीत बसायला म्हणून एक जुनी पँट आणली होती.

मग सगळा उलगडा झाला. प्रज्ञानं तिच्या सासूबाईंना विचारलं होतं, आपला मार्गशीर्ष म्हणजेच तुमचा अगहन ना? त्या म्हणाल्या, हो. तिनं तिथल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. अगहन, अमावस. तारीख बघून रजा टाकली, गाड्या बदलत परळीपर्यंत आली, आम्हाला चकित करायचं म्हणून कळवलं नाही. इकडे आमच्या भिंतीवर त्याच दिवसाला लिहिलेलं होतं, कार्तिक अमावस्या. येळवस अजून महिनाभर लांब होती. सर आधी खो खो हसले आणि मग पोरीचा चेहरा बघून तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. पुढच्या महिन्यात तिला रजा मिळणार नव्हती. कामाचे दिवस होते. म्हणजे यंदाही नाही.

मी हार मानणाऱ्यातली नाही. तिला घेतलं आणि पहिल्या गाडीनं वडगाव गाठलं. सरूआक्का रानात खुरपत होती. मी म्हटलं, आक्का, उद्या अमावस्याच आहे, उद्याच कोप बांधू. पोरगी एवढ्या लांबून आली आहे, जावई पहिल्यांदा आला आहे. कुणाला कळणार आहे? आक्कानं खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दवाखान्यात डोस चुकवणाऱ्याकडे बघायची.

"आवस काय, दर महिन्याला येती," ती म्हणाली. "पन रान यायला पायजे का न्हाई? तुरीत दाना न्हाई, जोंधळा गुडघ्याला. रिकाम्या रानात कोप बांधून कुनाला दावू? जेवायला कवाबी या, सिस्टर. येळवस मागू नका."

मला राग आला. खरंच आला. वाटलं, काय ही बाई, कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करायला हिचं काय जातं? पण मग आजूबाजूला नजर टाकली. तुरीची फुलं अजून पिवळीच होती. शेंग दाबून पाहिली तर चपटी, आत दाण्याच्या जागी नुसता पाणचट ठिपका. भज्जी घालणार कशाची?

दुसऱ्या दिवशी आम्ही रानात जेवलो. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा आणि शेवटची सीताफळं. अनुरागनं ती जुनी पँट घालून मातीत बसून मनापासून खाल्लं आणि तो सारखा म्हणत होता, बहुत अच्छा है. प्रज्ञा पाणी आणायला म्हणून विहिरीकडे गेली ती लवकर परतेना. मी उठणार तेवढ्यात आक्का उठली. मी मागोमाग गेले, पण जरा अंतर ठेवून. पोरगी विहिरीच्या कठड्याला टेकून डोळे पुसत होती.

"कावून रडायली?" आक्का म्हणाली. "आधी आलीस, उशिरा न्हाई. उशिरा आलेल्याला काय गावत न्हाई. आधी आलेल्याला वाट तरी बगता येती."

त्या वेळी मला वाटलं, ही एक समजूत घालायची पद्धत. वाट बघून काय होणार होतं? मला भीती कशाची वाटत होती, ते सरळच सांगते. लेक लांब गेली याची नाही. मुली लांब जातातच, मीही गेले होते. पण आमचा मागशीर आणि तिचा मागशीर एकच आहे, असं मी धरून चालले होते. ती जिथं असेल तिथं तिला तुरट बोर आठवेल, आंबील लावायचा दिवस आठवेल, असं वाटायचं. आणि आता तिच्या भिंतीवर वेगळंच कॅलेंडर होतं. उद्या ती त्याच कॅलेंडरानं जगणार, तिची मुलं त्याच कॅलेंडरानं वाढणार. लेकीचा पत्ता बदलला, आडनाव बदललं, त्याचं काही वाटलं नव्हतं. महिना बदलला, ते मात्र लागलं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर सरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हणाले, चूक कुणाचीच नाही. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे अंधाऱ्या पंधरवड्याला दोघांकडे वेगवेगळं नाव. आज आपण म्हणतो कार्तिक, ते म्हणतात अगहन. पण चांदण्याच्या पंधरवड्यात दोघांचा महिना एकच. प्रज्ञानं विचारलं, म्हणजे पौर्णिमेला भांडण नाही? सर म्हणाले, पौर्णिमेला कसलं भांडण? महिन्याला नावच तिच्यावरून पडलं आहे. पोरीचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, मग मी पौर्णिमेला येत जाईन. आमच्या घरी तशी प्रत्येक पौर्णिमा पाळतातच. पांढरे कपडे, विहारात वंदना आणि घरी खीर. येळवस नाही तर नाही, मागशीराची पौर्णिमा तरी रानात करू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोघं कानपूरला परतली. पुढच्या मागशीरात ती बाळंत होऊन अंथरुणात होती. म्हणून ठरलेली पौर्णिमा यंदा पहिल्यांदा येते आहे.

आणि त्यात विहीणबाईंचं अजून पक्कं नाही. मीच फोन करून आग्रहाचं बोलावणं केलं. त्या फार गोड बोलल्या. मग मी पौर्णिमेचं सांगितलं तर म्हणाल्या, जी, पर अगले ही दिन से पूस लग जाएगा. मला ती अडचण कळते. लग्नाची तारीख काढतानाही त्यांनी पूस, म्हणजे पौष, टाळायला लावला होता. पुसात त्यांच्याकडे शुभकार्य नाही, सुनेची पाठवणी नाही, काही नाही. पूस तसा आमच्या गावातही लग्नाला भाकडच. खरं तर पुष्य म्हणजे पोसणारा, इतक्या चांगल्या नक्षत्रावरून नाव पडलं, आणि बिचाऱ्याच्या वाट्याला ही बदनामी. आम्ही बौद्ध, आम्हाला त्याचं काही नाही. पण त्यांचं त्यांनी पाळावं, त्यावर मी काय बोलणार? आमच्या कॅलेंडरात अजून मागशीराचा सगळा काळा पंधरवडा बाकी आहे, असं त्यांना सांगावं असं फार ओठावर आलं होतं. सांगितलं नाही.

इथवर लिहून झालं आणि फोन वाजला. सगळे गाडीत बसले होते.

उरलेलं आता पौर्णिमा होऊन गेल्यावर लिहिते आहे, तर अक्षर वाकडंतिकडं आहे आणि मांडीवर नातू आहे.

विहीणबाई उतरल्या त्या हातात एक कापडी थैली घेऊन. ती त्यांनी अनुरागकडे दिली नाही, प्रज्ञाकडे दिली नाही, सरळ माझ्या हातात दिली. नवा तांदूळ. अगहनी, त्या म्हणाल्या. अगहनात कापणी होते म्हणून धानालाच अगहनी म्हणतात. मी थैलीत नाक घालून वास घेतला आणि खिरीचा प्रश्न तिथंच मिटला. पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना केली, विहीणबाईही येऊन मागे शांत बसल्या. दुपारी सगळे रानात.

जोंधळा आता कमरेच्या वर, पोटरीत आलेला, कणीस अजून पानात लपलेलं. तुरीच्या शेंगा टपोऱ्या. मी भज्जी घातली. चुलीवर ताक रटरटायला लागलं, त्यात पीठ सोडलं, दाणे सोडले, आणि तो वास उठला तसा अनुराग चुलीभोवती घिरट्या घालायला लागला. जुनी पँट त्यानं याही वेळी आणली होती. सरूआक्काला मी आदल्या दिवशीच बोलावणं दिलं होतं. पुनवंला कसली येळवस, असं ती म्हणाली होती, त्यामुळे येते की नाही याची मला धाकधूक होती. दिवस कलताना बांधावर तिचा पदर दिसला. हातात आंबिलीचं छोटं मडकं. येळवसीची न्हाई, अशीच लावलती, तिनं आल्या आल्या बजावलं. मी म्हटलं, बरं, अशीच पिऊ. इतक्या वर्षांत आम्ही तिच्या कोपीला जात आलो. त्या दिवशी ती आमच्या रानात पाहुणी होती, आणि मी तिला पहिलं ताट वाढलं.

दिवस मावळला आणि समोरून, जोंधळ्याच्या शेंड्यांतून, चंद्र वर आला. केवढा तो. नातवानं बोट केलं. थोड्या वेळानं त्याच्या खालच्या अंगाला तिकांडंही वर आलं, उभ्या ओळीत. सरांना आता कोण आवरणार? त्यांनी विहीणबाईंना हरणाच्या डोक्याची सगळी गोष्ट हिंदीत सांगितली. सरूआक्का ऐकत होती. म्हणाली, म्हंजी माजा हरबरा खाऊन जाती त्या हरनाच्याच नावानं महिना ठिवलाय व्हय? आम्ही इतके हसलो की नातू घाबरून रडायला लागला. विहीणबाईंनी त्याला उचललं, चंद्राकडे तोंड करून धरलं आणि म्हणाल्या, देखो, अगहन की पूनो. मी म्हटलं, आमच्या मागशीराची. दोघींचंही खरं होतं.

मग खीर वाढली. आणि वाढता वाढता मला आठवलं, की उद्या सकाळी त्यांच्या कॅलेंडरात पूस. परवाच्या गाडीनं ही मंडळी जाणार आणि येळवस पुन्हा पंधरा दिवसांवर राहून जाणार. हातातली वाटी मी तशीच धरून राहिले. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाई हुशार आहेत, चेहरा वाचतात.

"समधनजी, कल से पूस है," त्या म्हणाल्या. "पूस में हम बहू को विदा करके नहीं ले जाते. मैंने लौटने के टिकट दो ही कराए हैं, मेरा और अनुराग का. बहू और मुन्ना महीना भर आपके पास."

प्रज्ञाला हे ठाऊक होतं, कामावर तिनं महिन्याची रजाही टाकली होती. ती पदराआड तोंड लपवून हसत होती, आणि अनुराग गंभीर चेहरा करून सांगत होता की अमावस्येला तो एकटा परत येणार आहे, पँट इथंच ठेवून चालला आहे. दवाखान्यात जन्मभर लोकांना आनंदाची बातमी देत आले, ती घ्यायची कशी ते तेव्हा कळेना. ज्या काळ्या पंधरवड्यानं माझ्या पोरीची येळवस नेली होती, त्यानंच ती आणून दिली होती. त्यांचा पूस लागला, म्हणून आमच्या मागशीरात लेक घरी राहिली.

सरूआक्काला हिंदीतलं निम्मं कळलं नव्हतं. तिनं मला विचारलं, काय म्हनती ही बाई? मी सांगितलं. म्हटलं, पोरगी येळवसीला हितंच हाय. आक्कानं खिरीची वाटी पुसून खाली ठेवली, उठून बांधापर्यंत गेली आणि चांदण्यात स्वतःच्या रानाकडे, जिथं दर साली कोप उभी राहते त्या जागेकडे, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"औंदा कोप जरा मोठी बांधावी लागंल," ती म्हणाली.